कुड्याची साल

एम.एस्सी. झाल्यावर वर्ध्याजवळच्या एका संस्थेत मला संशोधन सहायक म्हणून नोकरी लागली. मी नेमकं काय करते, ते घरी कुणालाच नीट समजलं नव्हतं. पुलगावपलीकडच्या आमच्या गावात ‘पोरगी जुलाबाचं औषध शोधते’ एवढंच पोचलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. बेलफळ, डाळिंबाची साल, जांभळाच्या बिया असं एकेक आणून आम्ही वाळवायचो, कुटायचो, त्याचा अर्क काढून पांढऱ्या उंदरांना पाजायचो. मग जुलाब व्हावेत म्हणून त्यांना एरंडेल द्यायचं, प्रत्येकाला वेगळ्या पिंजऱ्यात टीपकागदावर ठेवायचं आणि कागद किती भिजतो ते बघत बसायचं. बहुतेक वेळा तो भिजायचाच.

या कामावर माझ्यापेक्षा माझ्या वहिनीचा विश्वास जास्त होता. तिचा पहिला मुलगा रांगायला लागण्याआधीच हगवणीनं गेला होता. त्यानंतर झालेल्या मुलीला ती पावसाळाभर अंगणाबाहेर जाऊ द्यायची नाही. मी सुटीत गेले की वहिनी मला गावामागच्या टेकडीवर न्यायची. तिथल्या कुड्याच्या झाडांची साल ती कोयत्यानं काढायची आणि माझ्या पिशवीत भरायची.

“माह्या मायच्या घरी पोटासाठी हेच देत होते,” ती म्हणायची. “तुमच्या उंदरायले देऊन पाहा, बाई.”

आम्ही दिली. आणि कागद कोरडा राहिला.

आमचे सर फार बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला, पण लगेच म्हणाले, “पुन्हा करून बघू.” पुन्हा केलं, तरी कागद कोरडाच. दिवाळीत घरी जाऊन मी वहिनीला हे सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढून उठलीच. मुलीला कडेवर घेऊन तिनं शेजारपाजारी सांगून टाकलं, की आता औषध निघालं. अजून माणसांवर काही करून पाहिलेलं नाही, हे मी सांगत होते, पण ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही मनातून तसंच वाटत होतं.

पुढच्या भादव्यात एका सकाळी वहिनी आणि दादा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. दादाच्या खांद्यावर मुलगी होती. पुलगावहून गाडीनं आले होते. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता, पण ते आधी माझ्याकडे आले.

“काल लय जुलाब झाले तिले,” वहिनी म्हणाली. “मी कुड्याचा काढा देल्ला. थांबले बाई, रातपासून एकदाबी नाई झाली. मंग हे अशी काऊन करून राह्यली?”

मुलीचे डोळे आत गेले होते. पोट मात्र टम्म फुगलेलं होतं. मी तिला हाक मारली, पण तिनं मान वळवली नाही. तिला उचलून आम्ही तसेच धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. सलाईन लावायला ते शीर शोधत राहिले. हाताला सापडेना, पायाला सापडेना. शेवटी सापडली, पण तोवर फार उशीर झाला होता. दुपारी ती गेली.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर मला हळू आवाजात म्हणाले, “जुलाब बंद झाले, पण अंगातलं पाणी आतड्यात साठतच होतं. बाहेर पडलं नाही, एवढंच.”

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. “थांबले होते ना पण,” ती दादाला पुन्हा पुन्हा सांगत होती. “थांबले होते.”

गावाहून परत आल्यावर मी सरांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. त्यांनी नवे उंदीर काढले. या वेळी कागद बघून आम्ही थांबलो नाही, उंदरांची पोटं उघडली. कागद कोरडे होते. आतडी पाण्यानं तट्ट भरलेली होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे आपण नुसतं दार लावत होतो,” ते म्हणाले.

काम तरीही चालू राहिलं, कारण ते मंजूर झालेलं होतं. मी वेगवेगळ्या साली कुटत राहिले, पण कशातूनच काही निघालं नाही. सर निवृत्त झाले तसं ते कामही बंद पडलं. मला दुसऱ्या विभागात पाठवलं.

वहिनीला पुढे मूल झालं नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. माझ्या कामाविषयी मात्र पुन्हा एक अक्षर विचारलं नाही. मी गेले की ताट वाढायची आणि आत निघून जायची.

नंतर मीठ-साखरेच्या पाण्याची माहिती सगळीकडे होऊ लागली. मीही गावात बायांना जमवून ते करून दाखवलं. पाणी उकळून घ्या, असं सांगितलं. बाया शांतपणे ऐकत होत्या. मांडीवर आजारी पोर घेतलेली एक जण म्हणाली, “पाणी हेच ना, बाई? नाल्यातलं?”

मी हो म्हणाले; गावात दुसरं पाणी नव्हतंच. तिनं पदरानं पोराचं तोंड पुसलं. थोड्या वेळानं बाया एकेक करून उठल्या आणि निंदणाला निघून गेल्या.