बुनइम आजीची कवळी

आमच्या हानसान गावात मोशी नावाच्या झाडाची साल दातांनी चिरून कापडासाठी धागा काढतात. माझी शेजारीण कू बुनइम आजी चौदाव्या वर्षापासून तेच करत आली. सत्तरी ओलांडल्यावर तिचे समोरचे दात पडले. कवळी बसवली, पण तिच्यावरून साल घसरायची. मग आजी दुसऱ्यांनी चिरलेले धागे मांडीवर वळून जोडत बसायची. तक्रार नाही केली, पण दुपारी आमच्याकडे गप्पांना यायची ती बंद झाली.

गावात पाहुणे यायचे. सावकाश हिंडायचं, जुनं शिकायचं म्हणून. पण बहुतेक तासाभरात फोटो काढून पसार. प्यो सेरिन नावाची एक तरुण पाहुणी मात्र चालत आली आणि आठ दिवस आजीच्याच घरी राहिली. पहिल्याच सकाळी साल चिरताना तिचा ओठ कापला.

"अगं, दात आहेत की भोपळ्याच्या बिया?" आजी हसली.

"आजी, जन्मभर लोकांचेच दात बघितले. स्वतःचे आज वापरतेय."

"म्हणजे दातांची डॉक्टर? आधी सांगायचंस ना, तोंड झाकून हसले असते!"

सेरिनने विचारलं, "तुम्ही का नाही चिरत?"

आजीने कवळी काढून तिच्या हातावर ठेवली. "हिला विचार."

सेरिनने ती उलटीसुलटी करून पाहिली. नवी करून देते म्हणाली, तर आजी उसळली, "भात चावता येतो, बास झालं! तू तुझं शीक." दोघी रोज उन्हं चढायच्या आत बसायच्या, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. सातव्या दिवशी सेरिनचा एक धागा आजीने बोटांत फिरवला आणि आपल्या धाग्यांच्या टोपलीत टाकला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी आजीने नव्या कवळीच्या मापासाठी स्वतःहून तोंड उघडलं.

महिन्याभराने सेरिन बसने परत आली, नवी कवळी घेऊन. साल पुन्हा घसरली. तिने अंगणात बसून कवळीला बारीक खाच घासली, तरी जमेना. आणखी घासली. तिसऱ्या खेपेला आजीने साल दातांत धरली, मान वळवली आणि एकाचे चार धागे झाले. मी कुंपणाशीच उभी होते. आजीने ते चार धागे उजेडात धरले, खाली ठेवले, पुन्हा धरले. मग आत जाऊन घरच्या तांदळाच्या दारूचा वाडगा भरून आणला आणि वयाने एवढी मोठी असून, थोरामोठ्यांना देतात तसा दोन्ही हातांनी पोरीपुढे केला.

"आजी, असं काय करता! मी लहान आहे."

"गप पी. मला नीट बोलता येत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात आजीने स्वतः विणलेल्या कापडाचा सदरा तिला धाडला. आता सेरिन दरवर्षी आठ दिवस येते. आजी तिचे धागे अजून जाडच म्हणते. आणि दुपारी दोघी आमच्याकडे गप्पांना येतात.