लॅपटॉपमध्ये कोंडलेलं वाक्य

मी तुम्हाला इंग्रजीत लिहावं असं तुमच्या आईचं मत आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे जन्मभर तेच शिकवलं, त्यामुळे मला ते जड नाही. पण तुमच्या आजोबांनी उभ्या संसारात माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य उच्चारलं नाही. त्यांची हकीकत मी एकदा इंग्रजीत लिहून पाहिली. त्यात ते फारच सभ्य वाटायला लागले, म्हणून ती पुसून टाकली.

तुमच्या बाबांनी मागे ठेवून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर मराठी आणायचं मी ठरवलं. त्यावर त्यांनी लिनक्स घातलं होतं आणि ‘आई, याला काही करावं लागत नाही’ असं सांगून ते विमानात बसले होते. ‘काही करावं लागत नाही’ असं घरातला पुरुष म्हणाला की ते कोणाला करावं लागतं, हे मला ठाऊक आहे.

सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे भाषांची यादी, तिच्याखाली अधिकचं चिन्ह. मराठी वरवर कुठे दिसेना. तीन टिंबांवर दाबल्यावर सापडली, कोपऱ्यात बसवलेल्या गरीब नातेवाइकासारखी. खिडकीची खूण असलेलं बटण धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. एवढंच. यासाठी माणसं क्लासला जातात.

मग मी रोज सकाळी लिहायला लागले. लिहून झालं की सेव्ह करायचं, भाषा परत इंग्रजीवर आणायची आणि झाकण मिटायचं, हा माझा शिरस्ता. तो एकदाच मोडला. तुमचे आजोबा मला बघायला खेडला आमच्या घरी आले, तो प्रसंग लिहीत होते. ‘ते दारात उभे होते आणि त्यांच्या हातात’ इथवर आले आणि नारळ काढणारा माणूस आला. त्याच्यावर नजर नसली की तो शहाळी पाडतो आणि वाऱ्याचं नाव सांगतो. मी तशीच उठून आगरात गेले.

परत येते तो पडद्याला कुलूप. पासवर्ड घातला, चुकीचा म्हणाला. पुन्हा सावकाश घातला, पुन्हा चुकीचा. दिसतात ते नुसते काळे ठिपके, बरोबर असोत की चूक.

एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. त्याने यात विंडोज का नाही असं मलाच विचारलं. तो बंद करून चालू करायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात थांबवला. सकाळचं पान सेव्ह केलेलं नव्हतं. तेव्हा त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला.

“फॉरमॅट मारूया, आजी. नवीन विंडोज टाकून देतो.”

“आणि आतलं लिखाण?”

“ते जाणार. महत्त्वाचं होतं काय त्यात?”

ज्याच्याबद्दल होतं तो माणूस परत येऊन काही सांगणार नव्हता. हे दुकानवाल्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पेनड्राइव्ह खिशात ठेव आणि गप्प बस, एवढंच सांगितलं.

मग मी तो पडदा वरपासून खालपर्यंत वाचला, उत्तरपत्रिका तपासायचे तसा. वर कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं होती, एम आर. रोज तिथे ई एन असतं. म्हणजे मी घाईत मराठीवरच उठले होते. माझा पासवर्ड इंग्रजी, आणि हे यंत्र ठिपक्यांच्या आड मराठी अक्षरं घेऊन मलाच चुकीचं ठरवत होतं. दोन बटणं दाबली, ई एन आलं, पासवर्ड घातला. माझं अर्धं वाक्य होतं तिथेच होतं.

“असं पण असतं काय?” त्याने विचारलं.

“वाचणाऱ्याला दिसतं,” मी म्हटलं.

संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. इंग्रजीत लिहिलं असतंस तर हे झालंच नसतं, म्हणाली. खरं आहे. चूल पेटवली नाही तर भातही करपत नाही.

“पण आई, मुलांना मराठी वाचता येत नाही.”

“मग शिकव. मला समजावण्यात तुझा जेवढा वेळ जातो, तेवढ्यात बाराखडी होते.”

फोन ठेवला आणि वाक्य पुरं केलं. ते दारात उभे होते आणि त्यांच्या हातात कोणाची तरी मागून आणलेली छत्री होती, जी त्यांना मिटता येत नव्हती.