टीका लागलेला हिरा

लढाईची ती वर्षं. तोफांच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम एवढा, की आमच्या सेक्शनमधली माणसं झोपेत काम करायची आणि घरी जाऊन जागेपणी भोंग्याची वाट बघायची. जबलपूरच्या गढा भागातल्या आमच्या खोलीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. उजेड बाहेर जाता कामा नये म्हणे. बाहेर जाण्याजोगा उजेड आमच्याकडे होता कुठे, ते सोडा.

लग्नाआधी मी बायकोला शब्द दिला होता, की तुझ्या नाकात हिऱ्याची चमकी घालीन, आणि हिरा असा, की त्याच्या उजेडात तू भाजी निवडशील. आता तिची धाकटी बहीण नवीकोरी हिऱ्याची चमकी घालून नागपूरहून येणार होती, आणि बायको भाजी निवडता निवडता माझ्याकडे टक लावून बघायला लागली होती.

सराफ्यात एका ओळखीच्या सराफाकडे माझ्या ऐपतीचा एकच हिरा निघाला. रंग आमच्या कॅन्टीनच्या चहासारखा आणि पोटात मुंगीएवढा काळा डाग. मुंगीचे पाय दिसत होते. मला तर ती चालतानाही दिसली. सराफ म्हणाला, पुन्हा घासून घ्या, डाग निघून जाईल. मागे किती हिरा उरेल, एवढं मात्र तो सांगेना.

म्हणून मी आमच्या सेक्शनच्या इन्स्पेक्टर काकांना घेऊन गेलो. या माणसाच्या हातून पहिल्या फटक्यात काही पास झालं नाही. मुलाच्या लग्नात त्यांनी बुंदीचे लाडू गेजमधून, म्हणजे मापाच्या कड्यातून काढले होते, आणि अर्धी पंगत नापास लाडवांवर उठली होती.

काकांनी भिंगातून हिरा पाहिला, खिशातल्या मायक्रोमीटरनं चारी बाजूंनी मोजला आणि एक सुस्कारा सोडला. डाग मधोमध होता. तो जाईस्तोवर घासलं तर हातात खसखस उरणार होती.

"काहून घेऊन राहिला बाबू?" काका म्हणाले. "रिजेक्ट आहे हे."

आता आमच्या सेक्शनचा रिवाज असा, की काकांच्या तोंडून 'रिजेक्ट' निघालं की त्यांचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जायचा आणि मालावर ठिपका पडायचा. तो पडला. सराफाच्या हिऱ्यावर, बरोब्बर कपाळावर.

सराफानं आधी हिऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे हात जोडले. "बधाई हो भैया. टीका हो गया, अब रिश्ता पक्का समझिए."

इकडच्या सोयरिकीत नवऱ्या मुलाच्या कपाळी एकदा टीका, म्हणजे टिळा, लागला की माघार नाही, हे आम्हा जबलपूरच्या मराठी माणसांनाही पाठ. काकांनी धावपळ करून रुमालानं ठिपका पुसला. सराफानं विचारलं, टीका पुसल्यानं सोयरीक मोडते का? हिरा माझ्या पदरात पडला.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, खसखशीसकट. घासायचा की नाही, ते तूच ठरव म्हटलं. तिनं हिरा दिव्यासमोर धरला.

"म्हणजे डाग ठेवला तर हिरा राहते, अन् डाग काढला तर दोन्ही जातात?"

हो म्हणालो.

"मग तुमच्यासारखाच आहे हा. राहू द्या तसाच."

मेहुणी आली ती चमकी पुढे आणि स्वतः मागे, अशी. तिच्या हिऱ्यात डाग शोधूनही सापडत नव्हता. चहा पिता पिता तिनं ताईच्या नाकाजवळ डोळे नेले आणि आत हे काळं काय आहे, म्हणून विचारलं.

"लढाई चालू आहे ना," बायको म्हणाली. "ब्लॅकआउटचा हिरा आहे. इकडे फॅक्टरीवाल्यांच्या बायका असाच घालतात. उघडा हिरा विमानातून दिसते म्हणे."

मेहुणीनं चहा तसाच ठेवला आणि नाकावर पदर ओढला. तो पदर तिनं जेवतानाही सोडला नाही. वरणभात पदराआडून गेला. सकाळी निघायच्या आधी तिनं मला हळूच बाजूला घेतलं. "भाऊजी, माझ्या चमकीला असं काही लावून मिळते काय?"

मी धावत जाऊन काकांची पेन्सिल मागून आणली. काळी नव्हती, लालच होती. चालते, म्हणाली. अशा रीतीनं नागपूरचा बिनडाग हिरा आमच्या सेक्शनात रिजेक्ट झाला, आणि बायकोनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे न बघता भाजी निवडली.