दोन खोल्यांचा एक दिवा

महाराष्ट्र झाला त्याच्या आगंमागं आमच्या तुळजापूरच्या गल्लीत विजेचे खांब आले. वडील शाळेत मास्तर. काटकसरी म्हणजे किती, तर जळकी काडीसुद्धा चुलीवरून चिमणी पेटवायला जपून ठेवणारे. तरी गल्लीत विजेसाठी पहिला अर्ज त्यांनीच दिला, आणि तो आईसाठी. आई देवीच्या कवड्यांच्या माळा ओवायची. देवळाच्या वाटेवरचा दुकानदार कवड्या आणून टाकायचा आणि आई घरचं सगळं उरकून संध्याकाळी चिमणीपुढं ओवायला बसायची. "त्या धुरानं डोळे जातील हिचे," असं वडील म्हणायचे.

वीज आली, आणि पहिलंच बिल बघून त्यांचं धाबं दणाणलं. मग त्यांनी स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीत विटेएवढं भोक पाडलं आणि त्यात एकच बारका बल्ब टांगला. निम्मा उजेड आम्हा पोरांच्या अभ्यासाला, निम्मा पलीकडं आईला. शेजारपाजारचे ते भोक बघायला आले, तेव्हा वडिलांची छाती काय फुगली होती!

पाठोपाठ नियमही आले. दिवेलागणीच्या आधी बटणाला हात लावायचा नाही. जेवताना दिवा बंद. "घास काय अंधारात नाकात जातो का?" असं ते विचारायचे. शिवाय येता-जाता मीटरपुढं उभं राहून आतली चकती किती जोरात फिरतीय ते बघायचे. मला त्या चकतीचा असा राग यायचा! हे घर माणसांचं आहे का मीटरचं, तेच कळेना.

"आज दिवा लई बारीक जळतोय वो," आई एकदा भोकाजवळ सरकत म्हणाली. खोटं नव्हतं ते. संध्याकाळी सगळं गाव दिवे लावायचं आणि आमच्या बल्बची नुसती तार लाल दिसायची. वडिलांनी बल्ब पुसून दिला. पण पुढं ती रोजच तसं म्हणायला लागली आणि वडील वैतागायला लागले. "सगळ्या गावाला असाच येतोय. आपल्याला काय वेगळा देतील?"

भातात खडे लागायला लागले. भाकरी एका बाजूनं करपायला लागली. आम्ही दिव्याला नावं ठेवत खायचो आणि आईही आमच्याबरोबर हसायची. माळा मात्र बिनचूक व्हायच्या, त्यामुळं कुणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. ती बोटांनीच कवडी चाचपून ओवते, हे बघायला कुणाला सवड होती? दिवसा घरात तर ती नीट वावरायची. रोजच्या पायाखालच्या घरात कोण अडखळतंय?

नवरात्राच्या तोंडावर माळांची मागणी वाढली. वडिलांना काय वाटलं कोण जाणे, एका संध्याकाळी ते शंभर वॅटचा बल्ब घेऊन आले. गावातले बरेच दिवे मालवल्यावर आम्हाला हाका मारून गोळा केलं, आईला भोकासमोर बसवलं आणि बटण दाबलं. आमचे डोळेच दिपले. भिंतीवरची काजळी, फडताळामागची जळमटं, आईच्या लुगड्याचं ठिगळ, सगळं एकदम समोर आलं. आम्ही नाचायलाच लागलो. वडील हसत आईकडं वळले.

"बोल आता."

आई दिव्याकडं तोंड करून बसली होती. डोळे सताड उघडे.

"आजबी बारीकच हाय की," ती म्हणाली.

वडिलांना आधी चेष्टा वाटली. मग ते तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या तोंडापुढून हात फिरवून बघितला. आमचं नाचणं तिथंच थांबलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. आधी आणलं असतं तर बरीचशी नजर राखता आली असती, असंही म्हणाले. दिवा बारीक होता म्हणून तिची नजर गेली नव्हती. दिवा बारीक होता म्हणून नजर जाताना आम्हाला कळली नाही. मला हे आजही सहन होत नाही.

पुढं तिची नजर पुरतीच गेली. शंभरचा बल्ब वडिलांनी काढला नाही. त्यांनी मीटरकडं बघणं सोडलं, सगळे नियमही सोडले. काटकसर आता आईच्या अंगात शिरली. संध्याकाळी ती भिंत चाचपत यायची आणि भोकापाशी तळवा धरायची. ऊब लागली की म्हणायची, "कोण उगंच जाळतंय? हितं तर कुणाची चाहूल न्हाय." आणि बटण बंद करायची.

वडील बहुतेक वेळा तिथंच भिंतीला टेकून वाचत बसलेले असायचे. ते पुस्तक मिटायचे आणि तसेच अंधारात बसून राहायचे. मी इथं वाचतोय, असं ते तिला एकदाही म्हणाले नाहीत.