भट्टीवरच्या फळीवरची बाटली

लोहाराचा राग सगळ्या गल्लीला तोंडपाठ होता. बायको ओढायची तो भाता जरा हळू चालला की तिच्या दिशेने सांडशी यायची. बावीस वर्षं ती वाकून चुकवत आली. दोनदा चुकवता आली नाही, त्याची खूण भुवईवर आहे. लोक म्हणायचे, हात उचलतो खरा, पण कारागीर लाखात एक. डोंबलाचा लाखात एक!

पन्नाशीला त्याला मधुमेह निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की साखर रक्तात नुसती फिरतेय आणि पेशी उपाशी आहेत. दार उघडा म्हणून त्यांना सांगतं ते इन्सुलिन. तुमच्या पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्यात, आणि ते कमीही पडतंय. म्हणून जेवणाआधी टोचून घ्या, बाटली गारव्याला ठेवा, आणि गार घाम सुटला तर लगेच साखर खा. पण हा पठ्ठ्या जेवायचा भट्टीपाशी, म्हणून बाटली भट्टीवरच्या फळीवर. धगीने औषधातला दमच गेला. साखर उतरेना, तसा हा कुणाला न विचारता वीस युनिटचा डोस चाळीसवर घेऊन गेला.

बाटली संपली. बायकोने औषधाच्या दुकानातल्या फ्रिजमधली, पुऱ्या दमाची नवी आणली, आणि त्याने सवयीने चाळीस टोचलं. जेवण आलं तर म्हणे, आधी हा फाळ संपवतो.

अर्ध्या तासात तो ऐरण सोडून भिंतीवर घण घालू लागला. मग बरळत तिच्यावर धावला. शेजारी दारात आले, रोजचंच आहे म्हणत परतले. तिने त्याचा दंड धरला, तर तो गार आणि घामाने चिंब. रागावला की हा माणूस तापायचा, गार कधी पडला नव्हता. तिने डब्यातली साखर मुठीने त्याच्या तोंडात कोंबली. तो कडकडून चावला. घण तिच्या डाव्या हातावर आला आणि हाडं मोडल्याचं तिला ऐकू आलं. तरी उजव्या हाताने तिने दुसरी मूठ कोंबली. थोड्या वेळाने तो मटकन खाली बसला आणि विचारू लागला, भिंत कुणी फोडली?

मेंदूला साखर मिळाली नाही की माणसाचं भान हरपतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लोहाराला हायसं वाटलं. गल्लीभर सांगत सुटला, तो मी नव्हतोच. घरी येऊन तिलाही तेच म्हणाला.

प्लास्टरातला हात सांभाळत ती बाटली माठाच्या गारव्याला ठेवत होती.

"त्या दिवशी नव्हता," ती म्हणाली. "आणि आधीची बावीस वर्षं?"

तो भट्टीपाशी गेला आणि भाता स्वतःच ओढू लागला.