लॅपटॉपला पंचामृत

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, हा नियम आमच्याकडे टोकियोत, निशी-कसाईतल्या फ्लॅटमध्येही पाळतात. नवऱ्याचं हत्यार लॅपटॉप, माझं इतकी वर्षं पोळपाट-लाटणं. यंदा माझाही लॅपटॉप पाटावर गेला, कारण मुलगी झाल्यापासून पहिल्यांदाच मला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, आणि तेही दुसऱ्याच दिवशीचं. तिथे दाखवायच्या जपानी स्लाइड्स मी रडतखडत केल्या होत्या आणि त्या फक्त त्याच लॅपटॉपमध्ये होत्या.

पूजा पुण्याहून आलेल्या सासूबाईंकडे. मी पुऱ्या तळता तळता म्हटलं, "आई, लॅपटॉपला नुसतं फूल वाहा हं."

"आता तू मला पूजा शिकव," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन बघते तर नवऱ्याच्या लॅपटॉपची पाळी अजून यायची होती, पण माझा सताड उघडा. देवासमोर तोंड मिटून कसं बसवायचं, म्हणून त्यांनी तो उघडला होता. कीबोर्डवर आधी पळीभर पाणी, मग पंचामृत.

"नोकरी लागायला हवी ना? मग स्नान नीट नको?"

स्क्रीनवर एक रेघ आली आणि गेली.

नवरा धावला. चार्जर काढला, बटण दाबून धरलं, लॅपटॉप टॉवेलवर पालथा घातला. त्यातून मध ठिबकायला लागला.

"हेअर ड्रायर आणू?" मी विचारलं.

"कशाला, तूप कढवायचंय?"

मुलीने मोबाइलमधून डोकं वर काढून जपानीत सांगितलं की वास मात्र छान येतोय.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात मी निघाले, तर सासूबाईही चपला घालून तयार. दुकानातल्या माणसाने वाकून अशी दिलगिरी व्यक्त केली, जणू त्यानेच सांडलं होतं. मग विचारलं, काय सांडलं? 'पाणी' म्हणून सुटावं असं फार वाटलं, पण खरं सांग, साखर आत चिकटते, असं नवऱ्याने बजावलं होतं.

"पाणी," मी म्हटलं. "दूध. दही. तूप. मध. साखर."

तो प्रत्येक पदार्थाला मान हलवत होता. "केक करत होतात का?"

"नाही. याला अंघोळ घालत होतो."

त्याने पुन्हा मान हलवली.

"काय विचारतोय गं?" सासूबाई म्हणाल्या. "त्याला सांग, थोडं केळंही होतं."

केळंही सांगितलं.

नशिबाने आतली डिस्क कोरडी होती. त्याने ती काढून माझ्या स्लाइड्स पेन ड्राइव्हवर दिल्या. लॅपटॉप पुन्हा चालेल का, असं विचारल्यावर मात्र त्याने मान तिरकी करून दातांतून श्वास आत ओढला. जपानात राहिलेल्या माणसाला 'नाही' हे याहून जास्त स्पष्ट सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत नवऱ्याच्या लॅपटॉपवर स्लाइड्स दाखवल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "काम घरून करायचंय. स्वतःचा लॅपटॉप आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. कुठे आणि कोणत्या अवस्थेत, हे त्यांनी विचारलं नाही.

घरी आले तर सासूबाई फोनवर अख्ख्या पुण्याला सुनेला नोकरी लागल्याचं सांगत होत्या. कंपनीला तसं ठरवायला आणखी आठवडा लागला.