अर्ध्या पुलाचा राखणदार

फिनटन डीगनने तीस वर्षं रस्ता राखला, पण पूल झाडला तो अर्धाच. आयर्लंडातल्या टिपरेरीच्या त्या पुलाच्या कठड्यात एक दगड होता आणि त्यावर उभी रेघ कोरलेली. रेघेच्या अलीकडे क्लोनारा बॅरोनी, म्हणजे परगणा, पलीकडे किलबेग. ज्या परगण्यातला रस्ता, त्याचा खर्च त्या परगण्याने करायचा, असा जुना शिरस्ता. किलबेगच्या बाजूला जेरी ट्रॉय खडी फोडायचा. दोघं एका वयाचे. खड्डा नेमका रेघेवर पडला की तो कुणी बुजवायचा यावरून आठ-आठ दिवस अबोला चाले. दुपारी मात्र दोघं कठड्यावर बसून बटाट्याची भाकरी आणि ताक घेत. तेही आपापल्या परगण्यात बसून.

एका उन्हाळ्यात लॉर्ड क्लोनारा बग्गीतून आले. त्यांची हयात लंडनमध्ये गेलेली, आणि इथली जमीन आजोबांनीच विकून टाकलेली. आपली बॅरोनी कुठून सुरू होते, असं त्यांनी विचारलं तेव्हा फिनटनने टोपी काढून खराट्याने रेघ दाखवली. लॉर्डांनी कुरणांवरून नजर फिरवली.

"यातलं माझं काय आहे रे?"

"नाव आहे, सरकार," फिनटन म्हणाला.

जेरीला हसू आवरेना. त्याने पाठ फिरवून दगडावर घण घातला. लॉर्ड रागावले नाहीत. तेवढंही पुष्कळ झालं, असं म्हणून ते बग्गीत बसले. त्या दिवसापासून जेरी फिनटनलाच सरकार म्हणू लागला.

पुढे कायदा बदलला. रस्ते बॅरोन्यांकडून काढून जिल्ह्याच्या नव्या मंडळाकडे दिले, आणि दोन माणसांचं काम एकावर आलं. तो एक फिनटन ठरला. त्याने मागितलं नव्हतं. पहिल्या सकाळी तो रेघेपर्यंत झाडत आला आणि थांबला. समोर जेरी रविवारी चर्चला घालायचा कोट चढवून कठड्यावर बसला होता.

"झाड की, सरकार. आता सगळं तुझंच."

"रेघेपलीकडे हात चालत नाही रे, जेरी."

 जेरी उठला, फिनटनच्या हातातला खराटा घेतला, आपला अर्धा पूल झाडला आणि खराटा परत दिला. दुसऱ्या दिवशीही तो आला. असे चार हिवाळे गेले. मंडळाच्या मुकादमाने पाहिलं आणि चालू दिलं. शेवटी जेरीला छातीच्या दुखण्याने नेलं. त्याला नेण्याची वाट स्वच्छ असावी म्हणून त्या सकाळी फिनटनने पहिल्यांदा रेघ ओलांडून पूल झाडला.

मग सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली. जन्माची नोंद कुणाचीच नव्हती. जुन्या शिरगणतीत नाव शोधायचं, तर अर्जात घराची बॅरोनी लिहावी लागे. पोराटोरांना तो शब्दही ठाऊक नव्हता. अर्ज भरणारे मास्तर म्हाताऱ्यांना फिनटनकडे पाठवू लागले. त्याला घर न् घर माहीत होतं. कुठला ओढा कुणाच्या हद्दीत, हेसुद्धा.

एक दिवस जेरीची बायको ओना आली.

"किलबेग लिहायचं, वहिनी," तो म्हणाला.

"ते आता कुठं राहिलंय?"

"अर्जात तरी लागतंय ना."

वसंतात तिची पेन्शन मंजूर झाली. ती चहाचा पुडा घेऊन आली. चहा त्यांनी तिथंच चुलीवर केला, आणि अंधार पडेपर्यंत दोघं किलबेगमधल्या एकेका घराची माणसं आठवत बसली. त्यातल्या निम्म्या घरांची दारं केव्हाच बंद झाली होती.